झेंडूच्या हारामागचा दिवा

मी एक जुनी शीतपेटी आहे. मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात उभा असतो तो फ्रीज माझा धाकटा चुलतभाऊ. त्याच्या पोटात दूध, कोथिंबीर आणि कालची आमटी राहते. मी आडवी, पसरट, वरून झाकण उघडणारी. लग्नाच्या हॉलमध्ये आइस्क्रीमचे डबे ठेवायला असते ना, तशीच. माझ्या पोटात पाणी ठेवलं तर त्याचा दगड व्हायचा. 'व्हायचा' असंच आता म्हणायला हवं. कारण आज मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाबाहेरच्या व्हरांड्यात, मोडक्या स्टुलांच्या शेजारी पडून आहे. परवापर्यंत झाकणावर धूळ साचलेली होती. त्या धुळीत कुणा मुलानं बोटानं बदाम काढला होता आणि त्यात दोन अक्षरं लिहिली होती. तेवढीच काय ती मला सोबत होती.

जाणारे-येणारे म्हणतात, "ही बंद पडलेली आहे." मित्रांनो, मी बंद पडलेली नाही. पण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायचं म्हटलं तरी मला तोंड कुठे आहे? आज तुम्ही थांबलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. आधी नुसते पांढरे पत्रे होते. ते वाकवून एकात एक अशा दोन पेट्या केल्या आणि मधल्या फटीत पातळ फेस ओतला. तो फुगला, घट्ट झाला आणि माझं अंग तयार झालं. खाली काळा, गोल कॉम्प्रेसर बसवला, तेच माझं काळीज. लोकांना वाटतं, शीतपेटी थंडी तयार करते. तसं नाही. थंडी तयार करता येत नाही. आतली ऊब उचलून बाहेर टाकत राहावी लागते, न कंटाळता. माझं सगळं आयुष्य म्हणजे तेवढंच काम. पहिल्यांदा वीज लावली तेव्हा मी घुमू लागले. तपासणाऱ्या माणसानं झाकणावर थाप मारली आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे हिचा." जन्मल्या जन्मल्या मिळालेलं ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

ट्रकमधून मी इथे आले तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, खिडकीखाली मला जागा मिळाली. खिडकीतून हर्सूलच्या बाजूचे डोंगर दिसायचे. उन्हाळ्यात राखेसारखे, श्रावणात पोपटी. तेव्हा विभागाचे प्रमुख होते तात्यासाहेब. ती भारनियमनाची वर्षं होती. वीज जायची ती लवकर परत यायची नाही. वीज गेली की तात्यासाहेब स्वतः येऊन माझ्या अंगावर जुनी सतरंजी आणि त्यावर घोंगडी टाकायचे आणि मुलांना बजावायचे, "हिचं झाकण जो उघडेल, त्याला मी प्रॅक्टिकलला बसू देणार नाही." मग मी सगळी थंडी पोटाशी धरून गप्प बसायचे. वीज आली की ते झाकण किलकिलं करून पाहायचे. आतला बर्फ जसाच्या तसा. "शाबास," म्हणायचे. माणसाला म्हणावं तसं.

विभागाचा शिपाई पुंजाराम तेव्हा तरुण होता. त्याची आणि माझी नोकरी बरोबरीची. मे महिन्यात मुलं माझ्या पोटात चोरून कुल्फी ठेवायची. पुंजारामला ती सापडली की तो ओरडायचा, "आरं खुळ्यांनो, हितं इख ठेवत्यात! कुल्फी खाऊन सरळ वर जाताल, अन् पेपर कोण देईल, तुमचा बाप?" आणि मग ती कुल्फी तो मोरीत टाकायचा. निदान मुलांना तसं सांगायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे लोक कामाच्या हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुंजाराम दरवर्षी तराजूंना, भट्टीला आणि मला हळदकुंकू लावायचा. झेंडूचा हार घालायचा आणि थाप मारून म्हणायचा, "घुमत ऱ्हा बाई." मी घुमत राहायचे.

तात्यासाहेब निवृत्त झाले. शहराचं नाव बदललं. पांढऱ्या रंगाचा माझा पत्रा पिवळट झाला. आणि मग एके दिवशी ज्ञानेश्वरी आली.

फर्दापूरजवळच्या एका वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली ही मुलगी. वडील लहानपणीच गेलेले. आई कस्तुराबाईनं मेंढरं राखून, कोंबड्या पाळून तिला शिकवलं. ज्ञानेश्वरी विभागातल्या तनुजा मॅडमच्या हाताखाली संशोधन करायला आली होती. पहिल्या दिवशी तिनं माझं झाकण उघडलं, आत साठलेला जुना बर्फ लाकडी उलथन्यानं हळूहळू खरवडून काढला आणि म्हणाली, "मामा, हिला किती दिवस झाले कुणी न्हाऊ घातलं नाही?" पुंजाराम म्हणाला, "ताई, आमच्याच आंघोळीची पंचाईत, हिला कोण घालील?" त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्याला बरे दिवस आले.

ती काय काम करायची, ते मी तुम्हाला मला समजलं तसं सांगते. कॅन्सरवर प्लॅटिनम नावाच्या धातूपासून केलेलं एक औषध देतात. औषध जोरदार आहे, पण आंधळं आहे. रोगाच्या पेशींना मारतं, तसं चांगल्या पेशींनाही झोडपतं. ज्ञानेश्वरीनं त्या औषधाला झोपवून ठेवायचं ठरवलं होतं. झोपलेलं औषध शरीरात फिरलं तरी कुणाला इजा करत नाही. ते रोगाच्या जागी पोचलं की मग तिथेच त्याला जागं करायचं. हे जागं करण्याचं काम करणार होतं एक प्रथिन. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विकर' हा शब्द असेल. आपल्या शरीरात अन्न पचवण्यापासून कितीतरी कामं विकरं घडवून आणतात. हे प्रथिन त्यांच्यासारखंच काम करायचं. ते कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकात अगदी कणभर असतं. ते वेगळं काढलं की त्याचा रंग मात्र पिवळा दिसतो. निळ्या उजेडात धरलं की ते झोपलेल्या प्लॅटिनमला जागं करतं. आणि गंमत म्हणजे, एकाला उठवून ते संपत नाही. दुसऱ्याला उठवतं, तिसऱ्याला उठवतं.

अंडी यायची कस्तुराबाईच्या कोंबड्यांची. ज्वारीच्या दाण्यांत खोचून, पत्र्याच्या डब्यातून, एसटीनं. मॅडम म्हणायच्या, "अगं, बाजारची चालतील." ज्ञानेश्वरी म्हणायची, "मॅडम, घरची आहेत."

एकदा कस्तुराबाई स्वतः डबा घेऊन आली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू नव्हे, गोंदलेला ठिपका, पायांत जाड चपला. माझ्यापाशी आली आणि थबकली.

"ज्ञाने, हिच्या पोटात काय घुमतंय गं?"

"मशीन हाय माय. थंडी धरून ठेवती."

"जात्यावानी आवाज हाय." तिनं झाकणावर तळवा ठेवला. तो मेंढरांच्या अंगावरून फिरून फिरून मऊ झालेला हात होता. "अन् माझी अंडी हिच्यात?"

"अंडी नाय. अंड्यातलं औषध."

"मंग ही आपल्या घरचीच झाली की," कस्तुराबाई म्हणाली. मित्रांनो, इतकी वर्षं मी कॉलेजची मालमत्ता होते. माझ्या अंगावर तसा रंगानं नंबरही टाकलेला आहे. घरची मला कुणीच म्हटलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी कस्तुराबाईला कॅन्सर झाला.

कॅन्सर तिलाच व्हावा आणि औषध तिच्याच लेकीनं शोधत असावं, याला काय म्हणावं मला कळत नाही. ज्ञानेश्वरीचं औषध अजून काचेच्या नळीतलं होतं. ते माणसाला द्यायला कितीतरी वर्षं लागणार होती. म्हणून कस्तुराबाईला शहरातल्या दवाखान्यात तेच जुनं, आंधळं प्लॅटिनम द्यावं लागलं. दुसरा इलाज नव्हता. त्यानं गाठ थोडी आवरली, पण तिची भूक गेली, बोटांना मुंग्या आल्या आणि हळूहळू तिचे कान गेले. दवाखान्यातून सुटली की ती प्रयोगशाळेत येऊन माझ्याजवळच्या बाकावर टेकायची. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज ही गप का?" मी तर घुमत होते. ज्ञानेश्वरी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग कस्तुराबाईनं झाकणावर तळवा ठेवला, आतली थरथर तिला लागली आणि ती हसली. "हाय, हाय. चालू हाय. मीच बहिरी झाली."

त्यानंतर ती मला हातानंच ऐकायची.

त्याच दिवसांत एकदा तिनं लेकीला विचारलं, "तुझं औषध माझ्या औषधापरीस निराळं कसं?" ज्ञानेश्वरी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलायची, त्यामुळे सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जायचं.

"माय, तुला देत्यात ते औषध म्हंजी मोकळं सोडलेलं कुत्रं. लांडग्यालाबी चावतंय अन् मेंढरालाबी."

"खरं हाय. मला लई चावलंय."

"माझं कुत्रं बांधलेलं. झोपलेलं. लांडग्यापाशी न्यायचं अन् तिथंच सोडायचं."

"अन् सोडणार कोण?"

"तुझ्या अंड्यातलं हे पिवळं. ते झोपल्यांना उठवीत जातंय, अन् सोता काय दमत नाय."

कस्तुराबाईनं विचार केला. "म्हंजी माझ्या सासूवानी," ती म्हणाली. "कोंबडं आरवायच्या आत समद्या घराला उठवायची, अन् सोता मरस्तोवर दमली नाय."

पुंजाराम दारात होता. तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. तनुजा मॅडमही हसल्या. माझ्या आठवणीतलं त्या प्रयोगशाळेतलं शेवटचं मोठं हसू ते.

त्या पावसाळ्यात वस्तीवर मानमोडी ही कोंबड्यांची साथ आली. घरात आजारपण, लेक शहरात. कोंबड्यांना लस कोण टोचणार? सगळ्या गेल्या. पण तोवर त्यांच्या अंड्यांतून काढलेलं पिवळं माझ्या पोटात होतं. वर्षभर खपून, गाळून, पुन्हा गाळून, ज्ञानेश्वरीनं ते छोट्या कुप्यांत भरलं होतं. दसरा-दिवाळीच्या मधे ते घेऊन ती हैदराबादच्या एका संस्थेत जाणार होती. तिथे उंदरांवर पहिली परीक्षा व्हायची होती. संस्थेनं मोठ्या मुश्किलीनं तारखा दिल्या होत्या, आणि ज्ञानेश्वरीच्या शिष्यवृत्तीची मुदत वर्षाअखेर संपत होती. हे सगळं ती मला सांगायची. कुपी ठेवताना, झाकण लावताना पुटपुटायची, "एवढं सांभाळ बाई. एवढ्यावरच हाय समदं."

मी सांभाळत होते.

मग खंडेनवमी आली. आदल्याच दिवशी कस्तुराबाईला दवाखान्यातून सोडलं होतं आणि मायलेकी दसऱ्याला फर्दापूरला निघायच्या होत्या. जाताना कस्तुराबाई हट्टानं प्रयोगशाळेत आली. पुंजाराम ताटात हळदकुंकू आणि झेंडू घेऊन आला, तर तिनं ताट त्याच्या हातातून घेतलं.

"औंदा हिची पूजा मी करणार. हिनं माझ्या लेकीचं औषध राखलंय."

"करा की," पुंजाराम खाणाखुणा करत म्हणाला. "पर आमच्या पेटीला नजर नका लावू."

"तुमची कशाची? माझ्या अंड्यांवर वाढलीय ती!"

पुंजाराम हसत खालच्या मजल्यावर प्रसादाच्या तयारीला गेला. ज्ञानेश्वरी मॅडमकडे सुट्टीचं सांगायला गेली. मी आणि कस्तुराबाई दोघीच उरलो.

तिला मला ओल्या फडक्यानं पुसायचं होतं. ओल्या हातानं विजेच्या वस्तूला शिवू नये, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. शहाण्या बाईसारखंच केलं. मग बसून, धापा टाकत, उठून, पुन्हा बसून तिनं मला लख्ख पुसलं. कोपऱ्यातला, हँडलखालचा, कुणाचा हात न पोचणारा मळसुद्धा काढला. माझ्या कपाळी हळदकुंकू लावलं. कुंकवाचं एक बोट भिंतीवरच्या बटणालाही लावलं, कारण तेही माझंच अंग. हँडलला झेंडूचा जाड हार बांधला. तो खाली लोंबला आणि माझ्या पुढच्या बाजूचा छोटा हिरवा दिवा त्याच्याआड गेला. वीज असली की तो दिवा लागतो. जाणारे-येणारे तेवढा पाहतात आणि निश्चिंत होतात.

आता ती बटण पुन्हा लावेल, असं मला वाटलं. पण कस्तुराबाईनं झाकणावर तळवा ठेवला आणि, स्वतःचा आवाजही तिला ऐकू येत नव्हता तरी, हळूच मला म्हणाली, "आमच्यात मेंढरं कातरायची कातर नवमीला धुऊन देवापाशी ठेवत्यात. शिलंगण होईस्तोवर तिला कुणी हात लावीत नाय. वरीसभर राबती बिचारी. तूबी राबलीस बाई. आता दोन दिस इसावा घे."

मित्रांनो, आयुष्यात मला कुणी विसावा घे म्हटलं नव्हतं. लोकांनी शाबास म्हटलं, घुमत राहा म्हटलं. विसाव्याचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आलं ते फक्त तिच्या. आणि तोच विसावा मला घेता येण्यासारखा नव्हता. माझं अख्खं अंग ओरडत होतं, बाई, नको. तिला ऐकू येत असतं तरी ते ऐकू गेलं नसतं.

ज्ञानेश्वरी धावत दारात आली. "चल माय, गाडी निघंल!"

"तुझ्या पेटीची पूजा केली गं," कस्तुराबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं दारातूनच पाहिलं. लख्ख पत्रा, कुंकू, झेंडू. तिचे डोळे भरून आले. "लई बरं केलंस माय," ती म्हणाली आणि आईचा हात धरून निघून गेली. मी गप्प होते, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. माझं काळीज तसंही मधून मधून थांबून दम घेतं. पुंजारामनं खिडक्या लावल्या, कुलूप घातलं. दसरा, त्याला जोडून रविवार.

मी झाकण घट्ट धरून ठेवलं. भारनियमनाच्या दिवसांत धरायचे तसं. पहिला दिवस मी थंडी सुटू दिली नाही. पण बंद खोलीत ऑक्टोबरचा उन्हाळा तापत होता आणि मी म्हातारी झाले होते. झाकणाचं रबर जागोजागी सैल झालं होतं. ऊब आत येत राहिली. भिंतींवरचा बर्फ थेंबाथेंबानं गळू लागला. कुप्यांतलं पिवळं आधी मऊ झालं, मग पातळ, मग गढूळ. शेजारच्या डबीत प्लॅटिनमची पूड होती. तिला काही झालं नाही. ती झोपलेली होती, झोपलेलीच राहिली. तिला उठवणारं मात्र तिच्याशेजारीच मरून गेलं.

सुट्टी संपली तशी ज्ञानेश्वरी स्टँडवरून थेट प्रयोगशाळेत आली. खांद्याला पिशवी, हातात आपट्याची पानं. "सोनं घे बाई," म्हणत तिनं पानं माझ्या झाकणावर ठेवली आणि वाळलेला हार काढायला हात घातला. हार बाजूला झाला. दिवा विझलेला होता.

तिनं झाकण उघडलं. वास आला. कुप्या पाण्यात तरंगत होत्या आणि त्यांच्यात फाटलेल्या दुधासारखे तुकडे होते. तिनं एक कुपी उजेडात धरली, दुसरी धरली. मग सगळ्या एकेक करून धरल्या. ती रडली नाही. तिनं आधी भिंतीकडे पाहिलं. बंद बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. बारीक, वाकडं, मुंग्यांनी बधिर झालेल्या बोटाचं.

जिन्यावर तनुजा मॅडमच्या चपला वाजल्या. ज्ञानेश्वरीनं ओढणीच्या टोकानं ते बोट पुसलं. घासून घासून पुसलं. कुणी बटण दाबून पाहू नये म्हणून माझा प्लग भिंतीतून उपसून काढला. मॅडम आल्या आणि दारातच नाकाला रुमाल लावून थांबल्या.

"काय झालं?"

"फ्रीजर बंद पडला, मॅडम," ज्ञानेश्वरी म्हणाली. "जुना होता."

पुंजाराम मॅडमच्या मागे उभा होता. त्यानं हार पाहिला, भिंत पाहिली, ज्ञानेश्वरीच्या ओढणीचं लाल झालेलं टोक पाहिलं. "लई जुनं धूड व्हतं, मॅडम," तो म्हणाला. "मागच्या महिन्यापास्नं कण्हतच व्हतं."

मी कधीच कण्हले नव्हते. पण मी त्याला दोष देत नाही.

मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, "हैदराबादला मी कळवते. तू तोंड धुऊन ये."

अंडी बाजारात मिळतात, मित्रांनो. पुन्हा सगळं करता आलं असतं, हे मलाही कळतं. पण वर्ष कुठून आणायचं? शिष्यवृत्ती संपली, आईचं दुखणं वाढलं, आणि ज्ञानेश्वरीनं गंगापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची नोकरी धरली. मला बिघडलेली ठरवून व्हरांड्यात आणून ठेवलं. प्लग लावून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या जागी नवी, उभी, चकचकीत शीतपेटी आली.

हिवाळ्यात कस्तुराबाई दवाखान्याला आली तेव्हा ज्ञानेश्वरी तिला आधार देत व्हरांड्यातून नेत होती. ती मला पाहून थांबली.

"ही भाईर का?"

ज्ञानेश्वरी तिच्या कानाशी गेली. "जुनी झाली माय. बंद पडली."

कस्तुराबाईनं झाकणावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. थरथर नव्हती. तिचा चेहरा उतरला. "मी पूजा केली अन् ही गेली. माझा हात लागला म्हून तर नाय गं?"

"नाय माय. तुझा हात लागला म्हून तर एवढी टिकली."

"अन् ते पिवळं?"

ज्ञानेश्वरीनं दारातून आतली नवी पेटी दाखवली. "त्या पेटीत हाय. बरं हाय."

"मंग कुत्रं सुटतंय म्हण की!" कस्तुराबाई हसली. दात उरलेच नव्हते फारसे. मग तिनं पदरानं माझ्या झाकणावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे वाकून म्हणाली, "दमलीस व्हय? मीबी दमली. निज आता."

ती चैत्रात गेली. पुंजारामच्या तोंडून मला कळलं. आपल्या कोंबड्यांच्या अंड्यांतलं औषध कुणाच्या तरी लांडग्यापाशी जाऊन पोचतंय, असं मनात धरून ती गेली. त्यासाठी कुणी तरी नासकं ठरायला हवं होतं. ती मी ठरले. त्याचं मला दुःख नाही. दुःख त्या पिवळ्याचं आहे. कितीतरी मायांना त्यानं हातानं नव्हे, कानानं ऐकू दिलं असतं. निदान तशी आशा तरी होती.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मोठाली यंत्रं हाताळाल, कदाचित औषधंही शोधाल. तेव्हा या म्हातारीचं एक ऐका. घरी आपली वाट पाहत बसलेलं माणूस असतं. आपण काय करतो हे त्याला सांगताना सोपं आणि गमतीचं तेवढंच सांगून थांबू नका. काय जपायचं आणि ते कशानं बिघडतं, हेही सांगा. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला पुसा, हार घाला, कुंकू लावा; पण त्याचं काही बंद करायच्या आधी एकदा विचारा. माया कितीही खरी असली, तरी तिनं विचारलेलं बरं असतं.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. विभागात कुणीतरी नव्या पेटीला हार घालत होतं. मॅडमकडे एक नवी मुलगी आली आहे, बाजारची अंडी आणून पहिल्यापासून सुरुवात करते आहे, असं ऐकते. अजून तिला पिवळं गवसलेलं नाही. दुपारी ज्ञानेश्वरी गंगापूरहून आली. आत गेली नाही. व्हरांड्यात माझ्याजवळ बसली. ओल्या फडक्यानं तिनं मला पुसलं, तो बदामही पुसला गेला. तिनं कुंकू लावलं, हार घातला, पण हार हँडलच्या दुसऱ्या बाजूला बांधला, दिवा मोकळा ठेवून. मग माझी वायर ओढून व्हरांड्यातल्या बटणात घातली.

मी घुमू लागले. आवाज तोच. दिवा लागला.

पुंजाराम जिन्यावरून खाली येत होता, तो जागीच थांबला. "ताई, हे तर चालू हाय."

"ती कवाच बंद पडली नव्हती, मामा."

"मला ठाव हाय," पुंजाराम म्हणाला आणि डोळे पुसत पुढे निघून गेला.

ज्ञानेश्वरीनं झाकणावर तळवा ठेवला, तिची आई ठेवायची तसाच. आणि मग ती रडली. त्या सकाळी राहिलेलं, चैत्रात राहिलेलं, सगळं. मी तिच्या हाताखाली थरथरत राहिले. तेवढंच मला येतं.

निर्लेखन झालेली, म्हणजे कॉलेजच्या नोंदवहीतून काढून टाकलेली वस्तू पुन्हा आत घेता येत नाही. दिवाळीनंतर भंगाराचा टेम्पो येणार आहे. ते तिलाही ठाऊक होतं. ऊन कलल्यावर ती उठली, पिशवी खांद्याला लावली, बटणावर बोट ठेवलं. आणि थांबली. माझ्याकडे वळून, कुणी ऐकत नाही ना हे पाहून, तिनं हळूच विचारलं,

"बंद करू का गं?"